उत्तर: नवशिके आणि तज्ज्ञ एकाच साइटवर?

"आधी माणसं जमू द्या, नवशिके-तज्ज्ञ सगळेच येऊ देत, विषयाची हद्द नंतर ठरवू" हे आपल्या नव्या प्रश्नोत्तरांच्या साइटबद्दल वर म्हटलंय ते मला अर्धंच पटतं. हद्द नंतर हलते हे खरं, पण प्रेक्षक कोण हे पहिल्या दिवशी ठरलं नाही तर तज्ज्ञ मंडळी गुपचूप निघून जातात, भांडत वगैरे नाहीत, नुसती यायची बंद होतात. गणिताचंच बघा ना, मॅथओव्हरफ्लो ही प्रश्नोत्तरांची साइट २००९ मध्ये सुरू झाली ती फक्त संशोधन पातळीच्या प्रश्नांसाठी, तिथे कॉलेजचा होमवर्क टाकला की प्रश्न बंद, आणि मग २०१० मध्ये स्टॅक एक्सचेंजवर (वेगवेगळ्या विषयांच्या प्रश्नोत्तर साइटचं जाळं) गणिताची वेगळी साइट आली जिथे शाळेपासून पुढचं काहीही चालतं. विषय तोच, गणित! फरक फक्त विचारणारा कोण याचा, आणि दोन्ही साइट आजही चालू आहेत.

आणि हे ठरवायचं कसं, तर लांबलचक व्याख्या लिहून नाही (त्या कोणी वाचत नाही, मीही नाही). स्टॅक एक्सचेंजच्या एरिया ५१ वर, म्हणजे नव्या साइट सुचवायच्या जागी, कोणी साइट सुचवली की लोकांना नमुन्याचे प्रश्न टाकायला लावायचे, एका माणसाला फक्त पाच, आणि बाकीचे त्यावर मतं द्यायचे. पाचच म्हटल्यावर माणूस जरा विचार करून लिहितो. आपणही इथेच तसं करूया का, प्रत्येकी पाच प्रश्न? माझे रात्री टाकतो.