आरएक्स १०० : गरम झाली की रेस खाली येत नाही

कराडकर९३
मामाची १९९३ ची यामाहा आरएक्स १०० दिवाळीपासून माझ्याकडे आहे. सायलेंसर, फिल्टर बॉक्स, सगळं कंपनीचंच. सकाळी चोक ओढला की दुसऱ्या किकला चालू होते. पण उंब्रजपर्यंत जाऊन आलो की थ्रॉटल सोडला तरी रेस वरच राहते, आणि मग अचानक पडून गाडी बंद. एका गॅरेजवाल्याने 'ॲव्हरेज वाढवून देतो' म्हणून कार्बोरेटर खोलला होता, तेव्हापासून हे चालू आहे. प्लग पांढराफटक. मोठा मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य छिद्र) टाकू का?

धुरळा
भावा, फिल्टर काढून फेक आणि जेट मोठा टाक. माझी तशीच पळते, खुळ्यागत.

जुना_पाना
फिल्टर काढू नका हो. पळते ती कधीपर्यंत, ते पण विचारा त्याला.

तुमची गाडी लीन चालतेय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. पांढरा प्लग तेच सांगतोय. टू-स्ट्रोकला लीन म्हणजे पिस्टन जाम व्हायला आमंत्रण. मी ३० वर्षं गाड्या खोलल्या, जाम झालेली पिस्टनं अजून एका डब्यात ठेवलीत, नवीन पोरांना दाखवायला.

मेन जेटला हात लावू नका. त्याचं काम पाऊण थ्रॉटलच्या पुढं. तुमचं दुखणं थ्रॉटल बंद असताना आहे, म्हणजे स्लो जेट (थ्रॉटल बंद असताना पेट्रोल देणारं बारीक छिद्र), एअर स्क्रू, नाहीतर कुठून तरी हवा ओढतेय. कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधला रबर आधी बघा. वरून चांगला दिसतो, बोटांनी वाकवला की चीर उघडते. इंजिन चालू ठेवून त्यावर साबणाचं पाणी सोडा. रेस बदलली तर चोर सापडला. काहीजण पेट्रोल शिंपडतात, गरम इंजिनावर असला शहाणपणा नको.

मग एअर स्क्रू. कार्बोरेटरच्या बाजूला दोन स्क्रू आहेत. मधला मोठा तो रेसचा, फिल्टरकडचा पितळी बारका तो हवेचा. बाहेर काढाल तेवढी हवा जास्त. ॲव्हरेजवाले तोच बाहेर काढून ठेवतात. हलक्या हातानं पूर्ण आत घ्या (आवळू नका, टोक खराब होतं), मग दीड आटे मागे. गाडी चांगली गरम करा आणि पाव-पाव आटा फिरवत सगळ्यात वरची, एकसारखी रेस शोधा. तिथं थांबून रेसच्या स्क्रूनं खाली आणा. थंड इंजिनावर केलेलं सेटिंग दुपारी बिघडतंच.

आणखी एक. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पेट्रोलच्या एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च. जेट तोच, त्यामुळे जुनी गाडी आपोआप थोडी लीन होते. हे सगळं करूनही अर्ध्या थ्रॉटलला अडखळली तर निडलची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या कार्बोरेटरमधल्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या. निडल वर उचलते, पेट्रोल वाढतं.

कराडकर९३
काका, रबरच होता! क्लॅम्पच्या खाली केसाएवढी चीर, वाकवल्याशिवाय दिसतच नव्हती. आणि एअर स्क्रू मोजला तर चार आटे बाहेर. नवीन रबर टाकला, आता पावणेदोन आट्यांवर बसलाय. प्लग बिस्किटाच्या रंगाचा झालाय. फक्त हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की रेस किंचित वाढते.

जुना_पाना
थ्रॉटलच्या केबलला ढील नाही, म्हणून ओढली जाते. थोडी मोकळी करा. पण तीच केबल पुढं फुटून इंजिनाला तेल देणाऱ्या ऑइल पंपाला जाते, तेव्हा पंपाची खूणही त्याच वेळी जुळवून घ्या, नाहीतर तेल कमी पडेल. तोपर्यंत उंब्रजला जाऊ नका.

धुरळा
काका, माझी पण आज सकाळी पेठनाक्याला जाम झाली. तो डबा अजून आहे का?