पेज दिल्यावर बाळ पांढरंफटक, छाती धडधड, ॲलर्जी असेल का?

चिऊचीआई:
मुलगी साडेसहा महिन्यांची. तांदळाची पेज सुरू केली आणि दोन्हीदा सेम झालं, दोनेक तास मजेत खेळली मग उलट्या, थांबेचनात, शेवटी नुसतं पिवळं पाणी, हातपाय गार, मान टाकली, छाती तर एवढी धडधडत होती की ठोके मोजताच येईनात. पुरळ नाही, ताप नाही. डॉक्टर म्हणाले पोटाचं इन्फेक्शन, सासूबाई म्हणतात दृष्ट. पुण्यात कोणाला दाखवू? आधी हार्टवाल्याकडे जाऊ का?

तूपमेतकूट:
आमच्या चिरंजीवांचं गाईच्या दुधावर अगदी असंच व्हायचं. एफपीआयईएस निघालं, ही आतड्याची ॲलर्जी, खाल्ल्यावर एक ते चार तासांनी उलट्या, पुरळ नाहीच. अंगातलं पाणी जातं, बीपी पडतं म्हणून हार्ट पळतं. रक्ताची ॲलर्जी टेस्ट यात बहुतेकदा निगेटिव्ह येते, त्यावरून निवांत होऊ नका. मोठ्या हॉस्पिटलच्या पीडियाट्रिक गॅस्ट्रो (लहान मुलांच्या पोटाचे डॉक्टर) ओपीडीत जा, किती वाजता खाल्लं, किती वाजता उलटी, लिहून न्या. तोवर तांदूळ बंद, डब्यातलं राइस सिरियल पण.

रात्रपाळी:
लहान मुलांच्या आयसीयूत सिस्टर आहे. या वयात जागेपणी ठोके साधारण 100 ते 160, रडताना वाढतात आणि शांत झालं की उतरतात. शांत असूनही 220 च्या वर अडकलेत तर ॲलर्जी म्हणत बसू नका, लगेच ईसीजी. आणि खाल्ल्यावर काही मिनिटांतच गांधी, सूज, घरघर किंवा बाळ एकदम गळून गेलं तर सरळ इमर्जन्सी, तिथे मांडीत ॲड्रेनालिनचं इंजेक्शन देतात. ॲलर्जीचे ड्रॉप्स पाजून वाट बघू नका. एवढंसं बाळ घाबरल्यासारखं होतंय असं सांगणार थोडीच, ते गप्प पडतं, कातडीवर जाळीसारखे डाग दिसतात.

खमंग:
दृष्टही काढा की, मीठमोहरीला कितीसा खर्च. पेज मात्र नको.

चिऊचीआई:
थँक्स सगळ्यांना, अपॉइंटमेंट घेतली. मधल्या काळात नाचणीसत्त्व चालेल?

तूपमेतकूट:
डॉक्टरांना विचारूनच, तांदळाला रिॲक्ट होणाऱ्या काही मुलांना ओट्ससारखी दुसरी धान्यंही सोसत नाहीत. हो म्हणाले तर चमचाभरच, आणि सकाळी द्या, संध्याकाळी नको, रविवारी तर नाहीच. उलट्या लागल्याच तर दवाखाना उघडा हवा.