मदत हवी आहे: एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधले शेवटचे बॉस (मोठे शत्रू) कोणत्या क्रमाने घेऊ?

मंडळी, फायर जायंट हा बॉस पडला, आता फारुम अझुला या भागात आहे. लेव्हल ११८, सगळा भर स्ट्रेंथवर, हातात ग्रेटस्वोर्ड, ढाल नाही.

पुढच्या लढतींचा अवघडपणाचा क्रम मला लावायचा आहे. माझ्या मते मलेनिया सर्वांत वर. तिचा वार लागला की तिचं रक्त परत भरतं, ढालीवर अडवला तरीही. म्हणजे आपल्या प्रत्येक चुकीची किंमत दुप्पट. ती हवेत उचलली गेली की मी पळतो, पण पहिलाच झपाटा गाठतो. जवळ असताना तो नेमका कसा चुकवायचा, कुणी पायरीपायरीने सांगाल का?

मोग दुसऱ्या नंबरवर ठेवलाय. लढतीत तो तीनदा मोजतो, ती मोजणी संपली की होणाऱ्या माराने खेळ आटोपतो, पण तो मार कमी करणारं प्युरिफाइंग क्रिस्टल टिअर घेतल्यावर फरक पडला. २०२४ची 'शॅडो ऑफ द एर्डट्री' ही गेमची पुरवणी (डीएलसी) सुरू करायला राडान या बॉससोबत तोही पाडावाच लागतो, म्हणून घाई.

गॉडस्किन ड्युओ ही बॉसची जोडी, शत्रूला झोपवणारी भांडी फेकून आवाक्यात आली. त्यांना लोक एवढं वर का ठेवतात कळत नाही.

मालिकेथ पडला की राजधानी राखेत जाते, म्हणून तिथलं सगळं उरकून मगच त्याला भिडणार. त्याआधी मलेनिया आणि प्लासिडुसाक्स हा बॉस घ्यावेत, की मालिकेथनंतर? आणि शेवटच्या बॉसला, एल्डन बीस्टला, होली (पवित्र) डॅमेज फारसं लागत नाही, तर या ग्रेटस्वोर्डवर कोणती अ‍ॅश (शस्त्राला खास वार देणारी वस्तू) लावू?