पिंपल्स आणि मुंबईचा घाम: तुमचं रोजचं रूटीन काय?

चाळिशी आली तरी हनुवटीवर पुटकुळ्या येतातच. "हे काय वय आहे का गं?" हे हळदीकुंकवाला ऐकून ऐकून पाठ झालंय. या दमट हवेत रोज तोंडाला नेमकं काय लावता, काय लावून पस्तावलात, ते लिहा. जाहिराती नकोत.

*

रोज डोंबिवली ते दादर. उतरेपर्यंत चेहऱ्यावर तेलाचा घाणा. म्हणून दिवसातून पाचदा फेसवॉश करायचे. चेहरा ओढल्यासारखा व्हायचा, पिंपल्स तिथेच. मग मेडिकलवाल्याने "सगळ्या नेतात" म्हणून एक ट्यूब दिली. आठवड्यात चेहरा उजळला, मी खूश! थांबवली की दुप्पट लाल. डॉक्टरांनी ट्यूब बघूनच कपाळाला हात लावला. आत स्टेरॉइड होतं. ते निस्तरायला सहा महिने गेले.

आता सकाळी साधा फेसवॉश, पातळ मॉइश्चरायझर, एसपीएफ 50 चं सनस्क्रीन. रात्री डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅडापलीन 0.1% हे पिंपल्सवरचं औषध, सगळ्या चेहऱ्याला मिळून मटाराच्या दाण्याएवढं. नुसतं पिंपलवर टिकलीसारखं लावायचं नाही. सुरुवात एक दिवसाआड. पहिल्या महिन्यात जास्तच फुटले, रडले, पण सोडलं नाही. फरक दिसला तिसऱ्या महिन्यात. (दिवस गेले असतील किंवा तसा बेत असेल तर हे लावायचं नाही.)

*

बेन्झॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सवरचं औषध) लावणाऱ्यांनो, टॉवेल आणि अभ्रा पांढराच ठेवा, त्याने कापडाचा रंग उडतो. आईच्या निळ्या चादरीवर मी जगाचा नकाशा काढलाय. औषध मात्र गुणाचं.

*

माझ्या कपाळावर पावसाळ्यात एकसारखे बारीक दाणे, वर खाज. मुरुम समजून सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावत बसलो. निघाली केसांच्या मुळांतली बुरशी! त्यात आजी रोज रात्री डोक्यावर खोबरेल थापायची, ते कपाळावर उतरायचं. बुरशीवरचं कीटोकोनॅझोल सुरू झालं, तेल बंद. आजी अजून बोलत नाही.

*

जबड्याच्या कडेने येत असतील आणि पाळीही पुढेमागे होत असेल, तर क्रीमं बदलण्याआधी पीसीओएसची (हार्मोन्स आणि अंडाशयाच्या गडबडीची) तपासणी करा. माझी चार वर्षं आणि किलोभर बेसन वाया गेलं.

*

जबड्याचं वाचून दचकले. पाळीचं मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. उद्याच नंबर लावते. बाकी, सनस्क्रीन घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, त्याचं काय करता?

*

कपाळावर कमी, डोळ्यांपासून बोटभर लांब. आणि रुमाल टिपायचा, पुसायचा नाही.