हाफ मॅरेथॉनमध्ये एकसारखा वेग राखायला काय वापरता? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी बेळगावचा, टिळकवाडीत राहतो. २१.१ किमी दोन तासांच्या आत पळायचं आहे, म्हणजे किलोमीटरला साधारण ५ मिनिटं ४० सेकंद. दम पुरतो, वेग मात्र वरखाली होतो.

व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत जीपीएस घड्याळ क्षणात ५:१० दाखवतं, लगेच ६:२०. पाय तर तसेच पडत असतात! जांबोटी रोडला उघड्यावर आलं की आकडा स्थिर होतो. म्हणून आता चालू वेगाऐवजी लॅपची (म्हणजे चालू टप्प्याची) सरासरी लावलीय. ती बरी, पण वेग घसरलाय हे उशिरा कळतं.

बुटाला लावायचा फूट पॉड (पावलांवरून वेग मोजणारा छोटा सेन्सर) कुणी वापरलाय का? झाडीत तो खरंच नीट चालतो का, आणि आधी मोजलेल्या ट्रॅकवर जुळवून घ्यावा लागतो का?

मनगटावर वेळांची पट्टी बांधायचंही मनात आहे : ५ किमीला २८:२०, १० ला ५६:४०, १५ ला १:२५:००. मला हाच उपाय सर्वात भरवशाचा वाटतो, कारण ती वेळ रस्त्यावरच्या पाटीशी ताडता येते. पण येळ्ळूरसारखा चढ आला तर तिथे वेळ किती सोडायची? की चढावर घड्याळ न बघता श्वासावर पळायचं? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.