नव्या माशांच्या टाकीतील तपकिरी थर

प्रश्न: कोल्हापुरात राजारामपुरीतील घरी 3 आठवड्यांपूर्वी 60 लिटरची टाकी मांडली असून काचेवर व वाळूवर तपकिरी थर धरू लागला आहे. टाकी रिकामी करून धुवावी काय?

उत्तर: कृपया तसे करू नये. हे डायटम नावाचे सूक्ष्म शेवाळ नव्या टाकीत बहुधा येतेच आणि काही आठवड्यांत ओसरते. काच पुसून दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज मात्र टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीनमुळे उपयुक्त जिवाणू मरतात.

दुसरे उत्तर: पाणी बोअरचे आहे काय? आपल्याकडील काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात सिलिका (वाळूतील मुख्य घटक) विरघळलेली असते आणि डायटमचे कवच तिचेच बनते.

प्रश्नकर्ता: होय, बोअरचेच आहे.

दुसरे उत्तर: मग निम्मे आरओचे पाणी मिसळून पाहावे. नेराइट गोगलगायीही हा थर खातात. त्या काचेवर पांढरी अंडी चिकटवतात, तेवढे सोसावे लागते.