मदत हवी आहे: ॲस्बेस्टॉसची शंका असलेल्या भिंतींतून वायरिंग कसे करावे?

नमस्कार. जुन्या नाशकातील आमच्या घराचे वायरिंग नव्याने करायचे आहे. तळमजला विटांचा असल्याने तिथे अडचण नाही. प्रश्न माडीवरच्या खोल्यांचा आहे. तिथली आडभिंत आणि छत राखाडी सिमेंटच्या पत्र्यांचे असून त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, आणि पत्र्यांमागे भरलेल्या कापसासारख्या थराविषयी तर मला अधिकच शंका आहे. लाकडी पट्टीवरच्या तारांचे रबर इतके वाळले आहे की मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला, तर आत त्याचा काळा भुगाच पडलेला दिसला. त्यामुळे काम पुढे ढकलणे शक्य नाही.

वायरमन ग्राइंडरने झिरी मारायला तयार आहेत (धुळीची त्यांना फिकीर नाही, मला त्यांचीही आहे). ॲस्बेस्टॉसचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत, साध्या कापडी मास्कने अडत नाहीत आणि त्यांच्यामुळे होणारे फुप्फुसांचे विकार अनेक वर्षांनी उघड होतात. म्हणून पत्र्यांना हात न लावता विटांच्या भिंतींवरून पीव्हीसी केसिंग-कॅपिंग (तारा झाकणारी प्लास्टिकची पट्टी) फिरवावे, पंखे तुळईला टांगावेत आणि ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवावी, असे माझे मत आहे.

तरीही आडभिंतीतून एक भोक पाडावेच लागेल. पत्रा ओला ठेवून हाताच्या ड्रिलने ते पाडणे पुरेसे सुरक्षित आहे का? त्याआधी नमुना तपासून देणारी प्रयोगशाळा नाशिक किंवा पुण्यात कोणाला माहीत आहे का? निघालेला चुरा कोणाकडे सोपवावा, हेही कृपया सांगावे.